एका गाण्यापुरता गळा

बराकपूर हे नाव मराठी माणसाला भेटतं ते शाळेच्या इतिहासात: २९ मार्च १८५७, मंगल पांडे, काडतुसं. धडा संपला की गावही संपतं. पण त्या छावणीच्या पलीकडे एक दुसरं बराकपूर आहे. हुगळीच्या पूर्व काठाने टिटागढ, बराकपूर, इच्छापूर, श्यामनगर, जगद्दल, नैहाटी अशी तागाच्या गिरण्यांची आणि कारखान्यांची रांग लागते. इथल्या चाळींत शंभर-सव्वाशे वर्षांत बिहार, उत्तर प्रदेश, ओरिसा, आंध्रातून माणसं आली. फाळणीनंतर पूर्व बंगालचे निर्वासित आले. एकाच काठावर एका बाजूला भोजपुरी-मैथिली छठगीतं आणि दुसऱ्या बाजूला मेघना-पद्मेच्या नावाड्यांची भाटियाली ऐकू यायला लागली ती अशी.

गिरणगाव माहीत असलेल्याला हे ओळखीचं वाटेल. परळ-लालबागच्या चाळींतही कोकण आणि घाट आपापली गाणी घेऊन आले होते. तिथेच १९४४ साली अण्णाभाऊ साठे, अमर शेख आणि द. ना. गव्हाणकर यांचं लाल बावटा कलापथक उभं राहिलं. दोन्ही वस्त्यांना सिनेमा हाताच्या अंतरावर होता. इकडे दादर-परळचे स्टुडिओ, तिकडे टॉलीगंज. बराकपूरच्या पट्ट्याने सिनेमाला बरंच दिलं. नैहाटीचे श्यामल मित्र बंगाली पार्श्वगायनातलं मोठं नाव झाले. इच्छापूरच्या शस्त्रास्त्र कारखान्यात नोकरी केलेल्या समरेश बसूंनी मच्छीमारांवर ‘गंगा’ ही कादंबरी लिहिली आणि १९६० साली राजेन तरफदारांनी तिच्यावर सिनेमा काढला, संगीत सलील चौधरींचं. पण ज्यांच्या गाण्यावर हे सगळं उभं राहिलं त्या लोकगायकांचं काय झालं? सिनेमासाठी गाणं रेकॉर्ड करणाऱ्या लोकगायकाचं पुढे आयुष्य कसं जातं?

बंगाल, बिहार आणि महाराष्ट्र एकत्र मांडून पाहिले की एक गोष्ट स्पष्ट दिसते. सिनेमाने लोकगायकाचं करिअर घडवल्याची उदाहरणं शोधावी लागतात. घडवलं ते आकाशवाणीने, तबकड्यांनी, जत्रांनी, कॅसेटने. सिनेमा या माणसाकडे येतो तो बहुधा एका गाण्यापुरता, आणि तेही त्याचं नाव आधीच झालेलं असताना. चाल मात्र सिनेमा कायमची घेऊन जातो.

अमर पाल यांचं आयुष्य या दृष्टीने बघण्यासारखं आहे. जन्म १९२२, ब्राह्मणबाडिया, म्हणजे आजच्या बांगलादेशात. उस्ताद अल्लाउद्दीन खाँ यांचे धाकटे भाऊ आयेत अली खाँ यांच्याकडे त्यांनी शास्त्रीय संगीताचे धडे घेतले. १९४८ साली ते कोलकात्याला आले. १९५१ पासून आकाशवाणीवर गाऊ लागले. प्रभाती आणि भाटियाली ही त्यांची खास ओळख. पहाटे उठवणाऱ्या गाण्याला जो हळुवार, पण लांबवर जाणारा आवाज लागतो तो त्यांच्याकडे होता. त्यांचं नाव बंगालच्या घराघरांत गेलं ते या रेडिओवरून आणि तबकड्यांवरून. सत्यजित राय यांनी त्यांना बोलावलं ते ‘हीरक राजार देशे’साठी. सिनेमा १९८० साली लागला, म्हणजे अमर पाल तेव्हा अठ्ठावन्न वर्षांचे.

त्या सिनेमात चरणदास नावाचा एक गायक जुलमी राजासमोर उभा राहून जगाच्या उलट्या न्यायाचं गाणं म्हणतो. राजाला ते झोंबतं. गायकाला बांधून रानातल्या खड्ड्यात टाकलं जातं. आणीबाणी संपून तीन-चार वर्षंच झाली होती, प्रेक्षकाला वेगळं सांगायची गरज नव्हती. गाण्याचे शब्द आणि चाल दोन्ही राय यांची, पण वळण पूर्णपणे लोकगीताचं. सिनेमाच्या नायकांच्या गोपी-बाघा या जोडीतल्या गोपीचा आवाज अनुप घोषाल यांचा होता आणि तो देखणा होता. या एका गाण्यासाठी मात्र राय यांना मातीतला गळा हवा होता. चरणदासची भूमिका रबीन मजुमदारांनी केली. हे स्वतः चाळीसच्या दशकातले गायक-नट. १९४९ च्या ‘कवि’ सिनेमात त्यांनी खेड्यातल्या कवियालाची भूमिका केली होती आणि ती गाऊन गाजवली होती. एका जुन्या पडद्यावरच्या लोककवीला एका खऱ्या लोकगायकाने आवाज दिला, अशी ही जोडी. बंगालमध्ये आजही राजकीय मोर्च्यांत ते गाणं म्हटलं जातं.

अमर पाल २०१९ साली गेले, वयाची सत्त्याण्णव वर्षं पूर्ण होण्याच्या उंबरठ्यावर. सत्तर वर्षांची गायकी, हजारो प्रभाती. तरीही बंगालबाहेर त्यांची ओळख सांगताना या एका सिनेमाचं नाव आधी घ्यावं लागतं. इतरांच्या बाबतीत हाच हिशेब आणखी कडू होतो, कारण त्यांच्या वाट्याला राय येत नाहीत.

आता हुगळीच्या त्या काठावर ऐकू येणारा दुसरा आवाज. कार्तिक महिन्यात टिटागढ-बराकपूरच्या घाटांवर छठपूजेला गिरणी कामगारांची कुटुंबं उतरतात तेव्हा लाउडस्पीकरवर शारदा सिन्हा असतात. बिहारच्या सुपौल जिल्ह्यातल्या हुलास गावात १९५२ साली जन्म, समस्तीपूरच्या महिला महाविद्यालयात संगीताची प्राध्यापकी आणि मैथिली, भोजपुरी, मगही गाण्यांच्या तबकड्या-कॅसेट. त्यांचं करिअर असं उभं राहिलं. सिनेमा त्यांच्या आयुष्यात तीन ठळक वेळा आला: १९८९ चा ‘मैंने प्यार किया’, १९९४ चा ‘हम आपके हैं कौन’, २०१२ चा ‘गँग्ज ऑफ वासेपूर’चा दुसरा भाग. पद्मश्री १९९१ ची, पद्मभूषण २०१८ चं. ५ नोव्हेंबर २०२४ रोजी त्या गेल्या, तो छठचा पहिला दिवस, नहाय-खाय. पुढच्या वर्षी मरणोत्तर पद्मविभूषण मिळालं. त्या आजारी असल्याची बातमी आल्यापासून हुगळीच्या काठावरची कामगार वस्ती ज्यांच्यासाठी घाबरी झाली असेल, त्या शारदाजी छठच्या होत्या. सलमान खानच्या सिनेमातल्या नव्हे.

शारदा सिन्हांची पहिली दोन हिंदी गाणी पडद्यावर कशी येतात ते आठवून पाहा. एक विरहात, एक लेकीच्या पाठवणीला. दोन्ही पार्श्वभूमीवर, कुणाच्याही ओठांवर नाहीत. सचिनदेव बर्मन यांनी स्वतःच्या भाटियाली वळणाच्या आवाजात गायलेली गाणी घ्या: ‘सुजाता’, ‘बंदिनी’, ‘गाइड’, ‘आराधना’. नाव, नदी, वाट, आईची तपश्चर्या. नायकासाठी किशोर किंवा रफी, आणि पडद्याआडून नियतीसारखं बोलायचं असेल तेव्हा बर्मनदांचा आवाज. आपल्याकडे ‘पिंजरा’ (१९७२) घ्या. जगदीश खेबुडकरांचे शब्द, राम कदमांचं संगीत, लावण्या उषा मंगेशकरांच्या. मास्तराच्या वाताहतीवर नशिबाने केलेल्या थट्टेचं जे गाणं आहे, ते मात्र विष्णू वाघमारे यांच्या रांगड्या गळ्यातून येतं. सिनेमाने लोकगायकाला ही एक जागा नेमून दिली आहे: भाष्यकाराची, फकिराची, नावाड्याची. प्रेम करणाऱ्या, नाचणाऱ्या, जिंकणाऱ्या माणसाच्या तोंडी त्याचा आवाज क्वचित घातला जातो. हा मान आहे हे खरं. पण या मानामुळे माणूस वर्षातून एकदा आठवला जातो, आणि पार्श्वगायकाचं पोट रोजच्या रेकॉर्डिंगवर चालतं.

महाराष्ट्रात तर सिनेमाचा जन्मापासूनचा सोयरा म्हणजे तमाशा. १९४७ चा ‘लोकशाहीर रामजोशी’, १९५९ चा ‘सांगत्ये ऐका’ (पुण्याच्या विजयानंदला १३१ आठवडे), मग तमाशापटांची रांगच. इतक्या लावण्या सिनेमात आल्या. त्या गायल्या कुणी? आशा भोसले, उषा मंगेशकर आणि सुलोचना चव्हाण. सुलोचनाबाईंची गोष्ट तर अगदी उलट्या दिशेने गेलेली आहे. त्या मुंबईत वाढल्या, सुलोचना कदम या नावाने हिंदी सिनेमात गाऊ लागल्या. लावणीचा ठसका आणि शब्दफेक त्यांनी पती श्यामराव चव्हाण यांच्याकडून आत्मसात केली. १९६२ च्या ‘रंगल्या रात्री अशा’मध्ये वसंत पवारांनी त्यांच्याकडून गाऊन घेतलेली लवंगी मिरचीची लावणी घरोघर गेली आणि आचार्य अत्रे यांनी त्यांना लावणीसम्राज्ञी म्हटलं. फड पाठीशी नसलेल्या, स्टेजवर दोन्ही खांद्यांवरून पदर घेऊन उभ्यानेच गाणाऱ्या या बाईंनी लावणी मध्यमवर्गाच्या घरात नेली. हे त्यांचं कर्तृत्व आहे आणि ते मोठं आहे. २०२२ साली मिळालेली पद्मश्री फार उशिरा आली. पण त्याच काळात संगीत बारीत बसून, अदा करत, एका ओळीचे दहा अर्थ काढणाऱ्या यमुनाबाई वाईकर होत्या. त्यांची लावणी बैठकीची, तासभर खुलणारी. तीन मिनिटांच्या तबकडीत ती मावतच नव्हती. सिनेमाने लावणी म्हणून जे लोकांना ऐकवलं ते वसंत पवार आणि राम कदमांच्या प्रतिभेचं फळ होतं, आणि आज कॉलेजच्या गॅदरिंगमध्ये मुली नाचतात त्या लावणीचा उगम तिथे आहे.

शाहिरांचंही तेच. १९६१ च्या ‘प्रपंच’मध्ये अमर शेख पडद्यावर आहेत. हा माणूस माइकशिवाय शिवाजी पार्क हलवत असे. त्या सिनेमातलं कुंभाराच्या चाकाचं अजरामर गाणं मात्र सुधीर फडके यांच्या आवाजात आहे. बाबूजींनी ते ज्या शांतपणे म्हटलं आहे त्याला तोड नाही, आणि संगीतकार म्हणून त्यांचा निर्णय बरोबर होता असंच मला वाटतं. तरीही महाराष्ट्रातला सगळ्यात बुलंद गळा सिनेमाच्या चौकटीत हवा होता तो चेहऱ्यासाठी, हे नोंदवावंसं वाटतं. पुढे २०२३ साली शाहीर साबळे यांच्यावर ‘महाराष्ट्र शाहीर’ निघाला. त्यातलं सर्वाधिक गाजलेलं गाणं अजय गोगावले आणि श्रेया घोषाल यांचं प्रेमगीत होतं.

श्रेया घोषाल हे नाव आलं म्हणून एक जुळणी सांगतो. २००८ सालच्या राष्ट्रीय पुरस्कारांत त्यांना उत्कृष्ट पार्श्वगायिकेचा मान दोन गाण्यांसाठी मिळाला. एक बंगाली ‘अंतहीन’चं, दुसरं मराठी ‘जोगवा’चं. ‘जोगवा’साठी हरिहरन आणि अजय-अतुल यांनाही पुरस्कार मिळाले. सिनेमा जोगत्या-जोगतिणींचा. यल्लम्माच्या डोंगरावर पिढ्यानपिढ्या चौंडकं वाजवून गाणाऱ्यांची दुनिया पडद्यावर आणि पुरस्कृत कंठ दोन्ही नावाजलेल्या पार्श्वगायकांचे. गाणं सुंदर आहे, प्रश्न त्याचा नाही. बारा वर्षांनी केरळच्या अट्टप्पाडीतल्या नांजियम्मा या इरुला आदिवासी बाईंना ‘अय्यप्पनुम कोशियुम’ (२०२०) मधल्या गाण्यासाठी हाच पार्श्वगायिकेचा राष्ट्रीय पुरस्कार मिळाला तेव्हा, संगीत न शिकलेल्या बाईला हा मान कसा, असा आक्षेप घेणारे निघाले. त्यांचं गाणं त्यांच्या आजी-पणजींकडून आलेलं. शिकणं आणखी कशाला म्हणायचं?

संगीतकार सगळे दोषी, असं कुणी यातून काढू नये. लोकगायकाला स्टुडिओत उभं करणं खरंच अवघड असतं. गोंधळी असो वा शाहीर, तो एकटा गातच नाही. मागे झीलकरी असतात, संबळ किंवा तुणतुणं-हलगी असते, आणि समोर माणसं. कडव्याच्या शेवटी झीलकऱ्यांनी उचललेला सूर हा त्याचा श्वास घ्यायचा वेळ असतो. ओळ किती लांबवायची हे तो समोरच्या चेहऱ्यांवरून ठरवतो. स्टुडिओत त्याला काचेच्या खोलीत एकटं उभं करतात, कानाला हेडफोन लावतात. ठेक्याचा ट्रॅक आधीच तयार असतो आणि त्याची लय तसूभरही हलत नाही. कानावर हात ठेवून, मान वळवून गाणाऱ्याला सांगावं लागतं की माइकपासून तोंड हलवू नका. पट्टी नायिकेच्या किंवा ऑर्केस्ट्राच्या सोयीने ठरलेली. वरच्या पट्टीतला पहाडी आवाज दोन सुरांनी खाली आणला की त्यातली धार निघून जाते. मग संगीतकार म्हणतो, आवाज बसत नाही. आणि ज्याला तो ट्रॅक सवयीचा आहे अशा गायकाला फोन जातो. झीलकऱ्यांची जागा कोरस घेतो. गाण्यातून लोकगायक गळतो तो असा, कुणाच्या दुष्टपणाने नव्हे.

म्हणूनच ज्यांनी उलट केलं त्यांचं मोल मोठं. ‘पथेर पांचाली’त इंदिर ठाकरूण संध्याकाळी बसून पैलतीराचं गाणं गुणगुणते ते चुनीबाला देवींनी स्वतःच्या, ऐंशीच्या घरातल्या, दात पडलेल्या आवाजात म्हटलं आहे. तिथे राय यांनी कोणतीही गायिका आणली नाही. अलीकडच्या काळात इंदूरच्या स्नेहा खानवलकर यांनी वाटच बदलली. ‘ओये लकी! लकी ओये!’साठी (२००८) त्या हरियाणा-पंजाब फिरल्या, राजबीर या मुलाचा रागिणी गाणारा आवाज घेऊन आल्या. ‘वासेपूर’साठी बिहार पालथा घातला, तिथल्या गाण्यात रेखा झा आणि खुशबू राज यांचे आवाज ऐकू येतात. गायकाला स्टुडिओकडे आणण्याऐवजी स्टुडिओ गायकाकडे नेला की ते ‘न बसणारे’ आवाज बरोबर बसतात. हे काम एका मराठी मुलीने हिंदी सिनेमात केलं आणि मराठी सिनेमाने ते अजून पुरतं उचललेलं नाही, याची मला खंत वाटते.

मराठीत खरा दरवाजा उघडला तो कॅसेटने, आणि शिंदे घराण्याने. प्रल्हाद शिंदे यांची कव्वाली, भीमगीतं, विठ्ठलाची गाणी चाळीचाळींत वाजली ती सिनेमाच्या मेहेरबानीशिवाय. पुढे आनंद-मिलिंद या मुलांनी कॅसेटचा बाजार गाजवला. असा तयार श्रोता घेऊनच आनंद शिंदे सिनेमात आले. २००६ च्या ‘जत्रा’मधलं कोंबडीचं गाणं त्यांनी वैशाली सामंत यांच्याबरोबर म्हटलं. इथे लोकगायक फकीर नाही, नाचणाऱ्याच्या बरोबरीला आहे, धमाल करतो आहे. सहा वर्षांनी अजय-अतुल यांनीच ती चाल ‘अग्निपथ’साठी हिंदीत नेली. तिथे आवाज एकट्या श्रेया घोषाल यांचा. चाल मुंबईच्या मोठ्या पडद्यावर गेली, आनंददादांचा गळा मागे राहिला. पण प्रल्हाद शिंदेंचा नातू आदर्श शिंदे आज मराठी सिनेमात नायकासाठी सर्रास गातो. तीन पिढ्या लागल्या.

पैशाचं आणि नावाचं काय? १९७७ साली सर्वोच्च न्यायालयात इंडियन परफॉर्मिंग राइट सोसायटी विरुद्ध ईस्टर्न इंडिया मोशन पिक्चर्स असोसिएशन हा खटला गाजला. दुसरी बाजू कोलकात्याच्या चित्रपट व्यावसायिकांची होती आणि निकाल निर्मात्यांच्या बाजूने गेला. गीतकार-संगीतकारांचे हक्क मोबदला दिला की निर्मात्याकडे. न्यायमूर्ती कृष्ण अय्यर यांनी निकालाला जोडून स्वतंत्र टिपण लिहिलं: आपला कायदा रचनाकाराला ओळखतो पण गाणाऱ्याला ओळखत नाही, आणि भारतीय संगीतात तर गाणाराच रचना घडवतो. गायकाचा हक्क कायद्यात यायला १९९४ ची दुरुस्ती उजाडली, आणि सिनेमात गायलेल्या गाण्याच्या व्यावसायिक वापरावर रॉयल्टी मिळण्याची तरतूद २०१२ साली आली. कागदावर हे सगळं आता आहे. पण रॉयल्टी मिळायला ती गोळा करणाऱ्या संस्थेचं सदस्यत्व लागतं, करारपत्राची प्रत लागते, आपलं गाणं कुठे वाजलं याची नोंद लागते. एकरकमी पाकीट घेऊन संध्याकाळची गाडी पकडून गावी परतणाऱ्याकडे यातलं काय असतं?

आणि ‘पारंपरिक’ हा शब्द सर्वांत सोयीचा. बीरभूममधल्या सिउडीचे रतन कहार भादू आणि झुमूर गाणारे. त्यांनी १९७२ च्या सुमारास एका श्रीमंताच्या लेकीच्या लांब केसांचं गाणं रचलं. १९७६ साली स्वप्ना चक्रवर्ती यांच्या आवाजात त्याची तबकडी निघाली आणि ती बंगालभर गाजली. लोक ते पारंपरिकच समजत राहिले. २०२० साली रॅपर बादशाहच्या गाण्यात त्या ओळी आल्या तेव्हाही रतन कहार यांचं नाव नव्हतं. बंगालमध्ये आरडाओरडा झाल्यावर त्यांना पाच लाख रुपये दिले गेले. २०२४ साली पद्मश्री. हे सिनेमाचं गाणं नव्हे, पण बाजार तोच आणि रीतही तीच. ज्याने गाणं रचलं तो हयात आहे, विड्या वळून त्याने संसार केला, कोलकात्यापासून काही तासांच्या अंतरावर राहतो, आणि श्रेयनामावलीत त्याच्या जागी परंपरा.

चैतन्य ताम्हाणे यांचा ‘कोर्ट’ (२०१४) इथे आठवतो. वीरा साथीदार यांनी उभा केलेला नारायण कांबळे हा लोकशाहीर, त्याच्या गाण्यामुळे सफाई कामगाराने जीव दिला असा आरोप ठेवून पकडला जातो. गाणी आणि संगीत संभाजी भगत यांचं, म्हणजे वस्त्यांत आयुष्यभर गाणाऱ्या शाहिराचंच. चरणदासला खड्ड्यात टाकल्यानंतर चौतीस वर्षांनी हा दुसरा गायक कोठडीत गेला. पण या वेळी शाहिरीचा ताबा संगीतकाराच्या जागी बसलेल्या शाहिराकडे होता. गाणी कापून गुळगुळीत केलेली नाहीत. स्टेजवर चाळीतल्या कार्यक्रमात जसा आवाज फाटतो तसाच तो सिनेमात फाटतो.

मराठी निर्मात्यांनी यातून निदान दोन गोष्टी उद्यापासून कराव्यात. लोकगायकाबरोबर त्याच्या झीलकऱ्यांची, संबळ-दिमडी वाजवणाऱ्यांची नावं पडद्यावर आणि मोबाइलवर गाणं दिसतं तिथेही यावीत. आज तिथे ती बहुधा दिसत नाहीत. आणि चाल जिथून घेतली त्या गावाचं, फडाचं किंवा माणसाचं नाव करारातच लिहावं, त्याचा वाटा टक्क्यांत ठरवून. हे काम संगीतकारांच्या आणि गायकांच्या संघटनांनी मिळून एका नमुना कराराने सुरू करता येईल. तो करार मराठीत, बंगालीत, भोजपुरीत असावा, म्हणजे सही करणाऱ्याला तो वाचता येईल.